तुसाला कचरा म्हणू नये

वैशाखात तुंगारेश्वराच्या डोंगरामागे, पारोळ, भाताणे, मेढे या बाजूला गेले की भर दुपारी खाचरांच्या कडेने धुराच्या बारीक रेषा उठताना दिसतात. शेतकरी राब भाजत असतो. झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, वाळके गवत, शेणाचा चुरा यांचे थर एकावर एक रचायचे, वर मातीचा पातळ हात फिरवायचा, पेटवून द्यायचे आणि पहिला पाऊस पडताच त्याच भाजलेल्या जागेत भाताचे बी पेरायचे, अशी ही ठाणे-कुलाबा पट्ट्यातील पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने वर येते. लोहमार्गाच्या पश्चिमेला, विरारच्या उंच इमारतीच्या गच्चीवरून हा धूर पाहणाऱ्याला मात्र ते मागासलेपण वाटते. त्याच इमारतीखालच्या जनरेटरमध्ये जळणारे परदेशी तेल त्याला दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

या धुरावरून पूर्वी मोठे रण माजले होते. इंग्रजी अमदानीत वनखात्याने जंगले राखीव करण्याचा सपाटा लावला, तेव्हा राबासाठी फांद्या तोडणे हा वनाचा नाश ठरला. ठाणे जिल्ह्यातील रयतेने गाऱ्हाणी घातली, सभा भरवल्या, आणि अखेर मुंबई सरकारला १८८५ साली चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. तपशील बाजूला ठेवला तरी वादाचा गाभा आजही तसाच आहे. शेताच्या बांधावर, रानात, खळ्यावर जे उरते ते कोणाचे? सरकार त्याला वनोपज म्हणे, शेतकरी त्याला शेताचा हक्क म्हणे. आज त्याच वस्तूला 'कृषी कचरा' असे नवे नाव मिळाले आहे.

या कचऱ्यापासून इंधनवायू निर्माण करण्याच्या योजनांचे सध्या चांगलेच कौतुक चालले आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर केला. त्याआधीच्या वर्षी औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात शेतीच्या अवशेषांच्या गोळ्या मिसळण्याचे बंधन घातले गेले. आपल्या गरजेच्या खनिज तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आयात करणाऱ्या देशाने आपल्याच शेतात इंधन शोधावे, यात वावगे काही नाही. ते स्वदेशीच्या विचाराला धरूनच आहे. परंतु वसई-विरारसारख्या भागात हे तंत्र नेमके कशासाठी, कोणत्या मालावर आणि कोणाच्या फायद्यासाठी चालवायचे, हा प्रश्न कोणी नीट विचारत नाही. यंत्र आधी आणि प्रश्न मागून, ही आपल्याकडील योजनांची जुनीच खोड आहे.

मुळात हे तंत्र नवीन नाही. लाकूड, तूस, उसाचे पाचट किंवा नारळाची करवंटी पुरेशा हवेत जाळली तर उष्णता आणि धूर मिळतो. तीच वस्तू बंद भट्टीत, हवा मोजून-मापून, अपुरी देऊन तापवली तर ती पूर्ण जळत नाही. आधी तिच्यातील पाणी उडते, मग तिचे विघटन होऊन कोळसा, बाष्प आणि डांबरी वाफा सुटतात. हजार अंशांच्या पलीकडच्या जाळात त्यांतील काही भाग जळतो आणि खालच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना कर्बद्विप्राणिद व पाण्याची वाफ यांचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन या जळणाऱ्या वायूंत होते. या मिश्रणाला प्रोड्यूसर गॅस म्हणतात. त्यात साधारण पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, जवळपास तेवढाच हायड्रोजन, थोडा मिथेन आणि निम्मा निरुपयोगी नायट्रोजन असतो. एक किलो सुक्या मालापासून दोन ते अडीच घनमीटर वायू मिळतो. तो दुबळा असतो, नळाने घरोघर पोहोचणाऱ्या नैसर्गिक वायूच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतक्याच ताकदीचा. पण जेथे निर्माण होतो तेथेच जाळला, तर कामाचा असतो.

लालबागची गॅस कंपनी गल्ली मुंबईकरांना परिचित आहे. १८६५ पासून मुंबईच्या रस्त्यांवर जे गॅसचे दिवे लागले, त्यांचा वायू दगडी कोळसा भट्टीत तापवूनच काढला जाई. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा मागे लोखंडी पिंप जोडलेल्या, लाकडी कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या बसगाड्या महाराष्ट्रातही धावल्या. चढ आला की उतारू खाली उतरत, असे त्या काळच्या आठवणींत हमखास येते. युरोपात तर अशी लाखो वाहने होती. युद्ध संपले, तेल स्वस्त झाले आणि जग हे तंत्र विसरले.

येथे एक गल्लत टाळायला हवी. गोबरगॅस वेगळा आणि हा वायू वेगळा. गोबरगॅस जिवाणू तयार करतात, त्यांना ओले, कुजणारे अन्न लागते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ मध्ये असा वायू काढण्याची सोय झाली होती. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये घड उतरल्यावर जो केळीचा खांब उरतो, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तो भट्टीत घालणे म्हणजे पाणी उकळण्यासाठी इंधन जाळणे. त्याची जागा खतात, धाग्यात किंवा गोबरगॅसच्या टाकीत आहे. भाजीबाजारातील पाला आणि देवळांतील निर्माल्य यांनाही हेच लागू. शहराचा मिसळलेला कचरा तर या तंत्राच्या वाऱ्यालाही उभा करू नये. गोखिवऱ्याच्या कचराभूमीचे दुखणे गॅसिफायरने बरे होईल असे कोणी सांगत असेल, तर त्याला आधी मालातील ओलावा विचारावा. वीस टक्क्यांच्या आतला सुका आणि एकसारखा माल, ही या यंत्राची पहिली अट आहे.

ही अट पाळून काम करणारी माणसे आपल्या देशात होती आणि आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने १९८८ मध्ये कर्नाटकातील होसहळ्ळी या छोट्या गावात लाकडाच्या वायूवर दिवे लावले. बिहारमध्ये पश्चिम चंपारणच्या तमकुहा गावात २००७ साली हस्क पॉवर सिस्टिम्सने भाताच्या तुसावर वीज निर्माण करून ती खेड्यांना विकली आणि त्या उपक्रमाची जगभर वाखाणणी झाली. पण पुढे याच संस्थेने सौरऊर्जेची जोड घेतली, हेही लक्षात ठेवले पाहिजे. त्याआधी ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी अनुदानावर शेतीपंपांना गॅसिफायर जोडण्याची मोहीम निघाली होती. अनुदान संपले तसे बहुतेक पंप पुन्हा डिझेलवर आले. पाच अश्वशक्तीच्या पंपासाठी लाकडाचे तुकडे करीत बसायला शेतकऱ्याला सवड कुठली!

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मात्र फलटणचे आहे. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी १९८१ मध्ये अमेरिकेतील शिक्षण संपवून आले आणि तेथेच राहिले. साताऱ्याच्या त्या भागात उसाची तोड झाली की पाचट शेतातच पेटवून देण्याची प्रथा होती. पाचट हलके, फुगीर, वाहून न्यायला महाग. त्याच्या गोळ्या कराव्यात तर त्यासाठीच वीज लागते. राजवंशी आणि त्यांचे सहकारी राजीव जोरापूर यांनी सुटे पाचट आणि बगॅस जसेच्या तसे घेणारा गॅसिफायर तयार केला. तासाला १०८० मेगाज्यूल उष्णता देणारे हे यंत्र होते. म्हणजे तासाभरात सुमारे ३० लिटर डिझेल जाळल्यावर मिळेल तेवढी. तो एका धातू उद्योगाच्या तेलावर चालणाऱ्या भट्टीला जोडून चालवून पाहण्यात आला. त्याचे शास्त्रीय वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक म्हणजे, वायूपासून वीज करण्याच्या मोहात न पडता थेट उष्णता वापरली. वीज करायची तर वायू इंजिनात जातो, इंजिनाला डांबराचा कणही चालत नाही, मग तो धुवा, गाळा, थंड करा आणि जे धुऊन निघते त्या काळ्या पाण्याचे काय करायचे ते बघा. भट्टीला हे सोवळे लागत नाही, गरम वायू सरळ ज्योतीत जातो आणि डांबरी वाफाही तेथेच जळून उष्णता देतात. दुसरी म्हणजे, मालाच्या जवळजवळ चौथ्या हिश्शाइतका कोळसा खाली उरला आणि त्यालाही उपयोगाची वस्तू मानले गेले. डॉ. राजवंशी पुढे तालुका हा ऊर्जेचा घटक मानावा, तालुक्याच्या मालातून तालुक्याची गरज भागावी, असे मांडत राहिले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तालुक्याचा तो विचार मात्र कागदावरच राहिला. सन्मान करून विचार विसरण्याची आपली हातोटी वादातीत आहे.

आता हा विचार वसईला लावून पाहू. वसई म्हटले की चिमाजी आप्पांची १७३९ची मोहीम आणि सकाळची विरार लोकल या दोनच गोष्टी आठवणाऱ्यांना हा भातशेतीचा तालुका आहे, हेच सांगावे लागते. १९९० मध्ये सिडकोकडे नियोजन गेले, २००९ मध्ये महापालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि प्रत्येक टप्प्यावर खाचरे आकसत गेली. तरीही पूर्वेकडील गावांत भात पिकतो. शेजारच्या वाडा तालुक्यात तर २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला वाडा कोलम आहे, त्याच्या गिरण्या आहेत. आणि त्याच जिल्ह्यात वालीव, सातिवली, गोखिवरे येथील लहान कारखान्यांच्या रांगा आहेत, ज्यांना रंग भाजायला, धातू तापवायला, माल सुकवायला उष्णता लागते.

हिशोब अवघड नाही. एक टन भात कांडला की सुमारे २०० किलो तूस निघतो. त्याची वीज केली तर १३० ते १५० युनिट मिळतील. वसईत तारेची वीज आहे, तेव्हा तुसाची वीज तिच्याच दराशी भांडणार, शिवाय इंजिनाची झीज आणि मेकॅनिकचा पगार वेगळा. उलट तोच तूस उष्णतेसाठी वायुरूपात वापरला, तर चार ते साडेचार किलोंमागे एक लिटर डिझेल वाचते. म्हणजे टनभर भातामागे पंचेचाळीस-पन्नास लिटर. दीडशे युनिटांचे आजचे मोल आणि पन्नास लिटर डिझेलचे आजचे मोल वाचकांनी स्वतःच मांडून पाहावे. ज्या गावात वीज नव्हती तेथे तुसाच्या विजेला अर्थ होता. येथे तिचा हट्ट धरणे म्हणजे तमकुह्याचे औषध वसईला पाजणे होय.

अडचणी नाहीत असे नाही. तुसाच्या राखेत वाळूसारखी सिलिका भरपूर असते. जाळ जास्त झाला की ती वितळून भट्टीत खडे बांधते, म्हणून तुसासाठी वेगळ्या बांधणीचा गॅसिफायर लागतो, लाकडाचा किंवा पाचटाचा चालत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत गळती झाली तर माणूस झोपेतच जातो. यंत्र उघड्या शेडमध्ये हवे, चालवणारा शिकलेला हवा. मग आपला पावसाळा. चार महिने दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जूननंतर सुका माल हवा, तर मोठी पत्र्याची कोठारे लागणार. योजनेच्या कागदावर यंत्राची किंमत असते, कोठाराची नसते. आणि ते काळे पाणी! म्यानमारमधील अनेक भातगिरण्या तुसाच्या वायूवर इंजिने चालवतात. त्यांच्या डांबरी सांडपाण्याने आसपासचे ओढे नासल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. ज्या तालुक्याने विहिरी आणि बावखलांवर शेकडो वर्षे बागायत केली, त्याने असले पाणी जमिनीत मुरू देणे आत्मघातच ठरेल. भट्टीला थेट वायू देण्याच्या बाजूने हेही एक कारण आहे.

आगाशीच्या सुकेळ्यांचा विचारही या संदर्भात करण्यासारखा आहे. राजेळी केळी थंडीच्या उन्हात दिवसच्या दिवस वाळवून केलेला हा पदार्थ १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्येही नोंदलेला आहे. ढगाळ हवा आली की माल काळवंडतो. वायूवर हवा तापवून, अर्थात धूर केळ्यांना लागू न देता, ती वाळवण्याच्या खोलीत फिरवली, तर किती घरांचा हंगाम वाचेल! हे छोटे काम आहे. त्याचे उद्घाटन करायला कोणी मंत्री येणार नाही, म्हणूनच ते कोणाला सुचत नसावे.

पण सर्वांत मोठा प्रश्न तांत्रिक नाही. तूस आज वाया जातो, हेच मुळात खोटे आहे. तो जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर जातो. भाताचा पेंढा जनावरांच्या पुढ्यात पडतो, मुंबईच्या तबेल्यांना ठाणे जिल्ह्याचे गवत-पेंढा पुरवण्याचा व्यापार तर फार जुना आहे. करवंटी आणि झावळ्या घरच्या चुलीत जातात. ज्याला कारखानदार फुकटचा कचरा समजतो, त्यावर कोणाची तरी चूल, कोणाची तरी म्हैस चालू असते. यंत्र बसले की तुसाला भाव येतो आणि तो भाव सहसा गिरणीवाल्याच्या गल्ल्यात पडतो. भात कांडायला आणणारा शेतकरी तांदूळ घेऊन जातो, तूस मागे राहतो. कांडणावळीच्या हिशोबात तुसाचे वजन धरले जात नाही. जोवर ते धरले जात नाही, तोवर 'शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल' हे वाक्य योजनांच्या पुस्तिकांतून वगळलेले बरे. पेंढ्यावर तर कोणी डोळाच ठेवू नये, त्याची वाट गोठ्यातून शेणाने पुन्हा शेताकडेच आहे.

राबाकडे पुन्हा वळायचे ते याचसाठी. कोकणातील भातशेतीसाठी मृदाशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी 'चारसूत्री' पद्धत दिली. तिचे पहिलेच सूत्र भाताच्या अवशेषांचा भातासाठीच फेरवापर हे आहे. पेंढा चिखलणीआधी खाचरात गाडायचा आणि भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो या प्रमाणात मिसळायची. त्या राखेतील सिलिका रोपाला मिळते, रोप काटक होते, खोडकिडीला सहज दाद देत नाही. पांढरी झालेली, पूर्ण जळलेली राख नको, काळीच हवी. गॅसिफायरच्या तळाशी जे उरते ते नेमके हेच असते. ज्या कामासाठी रानातील फांद्या छाटून राब भाजला जातो, त्यातील बराच भाग या काळ्या राखेने साधू शकतो. झाडे वाचतात, धूर वाचतो आणि कारखान्याला लागणारी उष्णता आधीच मिळून गेलेली असते.

मात्र येथेही हात राखून हिशोब करायला हवा. हेक्टरभर लावणीसाठी दहा गुंठे रोपवाटिका लागते. अर्ध्या किलोने धरले तरी तिला ५०० किलो काळी राख हवी. हेक्टरी तीन टन भात धरला, तर ६०० किलो तूस आणि त्यातून भट्टीखाली उरणारी काळी राख दीडशे-दोनशे किलो. म्हणजे सगळी राख शेतकऱ्याला परत मिळाली, तरी निम्मी गरजही भागत नाही. तिला गिऱ्हाईक मात्र आणखी एक आहे. पोलाद कारखाने तुसाची राख वितळलेल्या धातूवर आच्छादन म्हणून विकत घेतात आणि रोख पैसे देतात. गिरणीच्या दारात ट्रक उभा राहिला की राख कोणीकडे जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून जिल्ह्यात पहिला गॅसिफायर बसेल, त्याच्या करारनाम्यात यंत्राच्या क्षमतेइतकेच ठळक एक कलम असले पाहिजे. ज्याने जितका भात कांडला, त्याला त्याच्या प्रमाणात काळ्या राखेच्या गोण्या वैशाखापूर्वी घरपोच.